'होते' आणि 'आहेत' : अमेरिकेतील मूलनिवासी आणि मुलांची पुस्तके

बॉस्टनच्या एका उपनगरात माझी भाची राहते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात मी तिच्याकडे उतरलो असताना तिची सहा वर्षांची मुलगी एके दुपारी शाळेतून परतली ती डोक्याला खाकी कागदाची पट्टी आणि त्या पट्टीवर डिंकाने चिकटवलेली तांबडी-पिवळी पिसे अशा थाटात. 'थँक्सगिव्हिंग'च्या सणानिमित्त वर्गातील निम्म्या मुलांना असे मुकुट आणि निम्म्यांना काळ्या कागदाच्या उंच टोप्या मिळाल्या होत्या, सर्वांनी मिळून मक्याच्या लाह्या खाल्ल्या होत्या आणि धडा संपला होता. मुकुट काढून टेबलावर ठेवता ठेवता तिने मला विचारले, "आजोबा, ते लोक आता कुठे असतात?" घरात आम्ही तिघे शिकलेसवरलेले होतो, पण एकालाही उत्तर देता आले नाही. तिच्या दप्तरातून निघालेल्या चित्रमय पुस्तकात उत्तर सापडेल म्हणून मी ते चाळले, तो त्यातील प्रत्येक क्रियापद भूतकाळी! ते लोक राहत होते, शिकार करीत होते, मका पेरीत होते. ते आहेत, असे सांगणारे एकही वाक्य त्यात नव्हते.

त्या मुलीच्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचले, पाहिले आणि अमेरिकेतील शिक्षकांकडून ऐकले, त्याचा हा आढावा आहे.

प्रथम नावाविषयी. आपल्याकडे या लोकांना 'रेड इंडियन' म्हणण्याची वहिवाट आहे, आणि ती आपण इंग्रजी पुस्तकांतून जशीच्या तशी उचललेली आहे. कोलंबसाच्या भूगोलातील चुकीवर पुढच्यांनी कातडीच्या रंगाची भर घातली आणि हा शब्द सिद्ध झाला. ज्यांना तो लावला जातो त्यांना तो अपमानास्पद वाटतो, तेव्हा मराठीने तो टाकून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या लोकांना विचारले तर ते बहुधा आपल्या विशिष्ट राष्ट्राचे नाव सांगतात : नॅव्हाहो, चेरोकी, ओजिब्वे, लकोटा. 'राष्ट्र' हा शब्द येथे अलंकार म्हणून येत नाही. १७७८ पासून १८७१ पर्यंत अमेरिकेच्या सरकारने या समाजांशी सुमारे ३७० तहनामे केले, आणि तह हा दोन सत्तांमध्येच होत असतो. आजही वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरी मान्यता असलेली अशी ५७० हून अधिक राष्ट्रे आहेत, त्यांची स्वतःची शासने आणि न्यायालये आहेत, आणि २०२० च्या खानेसुमारीत स्वतःस पूर्णतः वा अंशतः मूलनिवासी म्हणवणाऱ्यांची संख्या सुमारे ९७ लाख भरली. मात्र पुस्तकांतून या सर्वांचा मिळून एकच 'इंडियन' तयार झाला. माझ्या नातीच्या डोक्यावरचा तो मुकुट मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांवरील राष्ट्रांचा, आणि तेथेही त्यातील एकेक पीस पराक्रमाने मिळवावे लागते. या सणाचे मूळ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या, १६२१ सालच्या प्लिमथच्या वसाहतवाल्यांच्या पंक्तीस बसलेले मॅसॅच्युसेट्सचे वाम्पानोआग लोक असा मुकुट कधी घालीत नसत.

या पुस्तकांचा विचार करताना शाळा या संस्थेचा इतिहास दृष्टीआड करून चालणार नाही, कारण मूलनिवासी मुलांच्या बाबतीत शाळा हेच त्यांची भाषा, पोशाख आणि नाव हिरावून घेण्याचे साधन म्हणून एके काळी वापरले गेले. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट याने १८७९ मध्ये निवासी शाळा उघडली आणि ती १९१८ पर्यंत चालली. मुलातील मूलनिवासी नाहीसा करून माणूस तेवढा वाचवायचा, हे त्याचे उघड धोरण होते. पहिल्याच तुकडीत गेलेल्या एका लकोटा मुलाने, म्हणजे पुढे लेखक झालेल्या ल्यूथर स्टँडिंग बेअरने, आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलेला प्रसंग विसरता येत नाही. फळ्यावर काही खुणा काढलेल्या होत्या. त्या इंग्रजी नावांच्या आहेत हे मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांतली एक निवडा, असे दुभाष्याने सांगितल्यावर या मुलाने छडी हाती घेतली आणि रणात शत्रूला काठीने स्पर्श करणाऱ्या वीराच्या आवेशात ती एका खुणेला टेकवली. ते नाव पांढऱ्या फितीवर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवण्यात आले आणि बापाने दिलेले नाव त्या दिवसापासून शाळेच्या लेखी संपले. अशा शाळांतून गेलेल्या माणसांची पणतवंडे आज प्राथमिक वर्गांत बसतात. शिक्षकाच्या हातातील पुस्तकाकडे त्यांच्या घरी कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, हे यावरून समजावे.

या अंधारातही एक चांगला अपवाद लवकर घडला. ॲन नोलन क्लार्क ही शिक्षिका न्यू मेक्सिकोतील टेसुके प्वेब्लो या मूलनिवासी गावच्या शाळेत शिकवीत असताना, सरकारी क्रमिक पुस्तकांतले काहीच मुलांच्या परिचयाचे नाही हे पाहून, तिने मुलांच्याच बोलण्यातून त्यांच्या घरांचे, शेतांचे, पाण्याचे आणि डोंगरांचे पुस्तक तयार केले. ते १९४१ मध्ये 'इन माय मदर्स हाउस' या नावाने छापले गेले. त्याची चित्रे झिया प्वेब्लोच्या वेलिनो हेरेरा या चित्रकाराने काढली, आणि पुढील वर्षी चित्रमय बालपुस्तकांच्या कॅल्डेकॉट पारितोषिकाच्या मानाच्या यादीत त्याला स्थान मिळाले. बाई त्या समाजातली नव्हती, परंतु लिहिण्यापूर्वी ती ऐकत बसली होती. बाहेरच्याने लिहावे की नाही हा जो वाद आज हिरिरीने चालतो, त्यात मी या पुस्तकाकडे बोट दाखवीन.

बालपुस्तकांत कोण दिसते आणि कोण दिसत नाही, या सर्वसाधारण प्रश्नाला तोंड फुटले ते १९६५ मध्ये. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईने 'सॅटर्डे रिव्ह्यू' साप्ताहिकात लेख लिहून तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांचा हिशेब मांडला : कृष्णवर्णीय व्यक्ती जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत आढळल्या. 'पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का?' या एका लहान मुलीच्या विचारण्यापासून त्या लेखाचा आरंभ झाला होता. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने १९८५ पासून अशा नोंदी दरवर्षी ठेवण्याचा प्रघात पाडला आणि १९९४ पासून त्यांत मूलनिवासींचा वेगळा रकाना आला. २०१८ ची नोंद पाहावी : त्या वर्षी केंद्राकडे आलेल्या तीन हजारांहून अधिक पुस्तकांपैकी निम्म्यांत मुख्य पात्र गोरे होते, सत्तावीस टक्क्यांत ते प्राणी वा निर्जीव वस्तू होते, आणि मूलनिवासी पात्र असलेली पुस्तके अवघी २३, म्हणजे शेकडा एकही धड नाही. ससे आणि अस्वले एवढ्या पुस्तकांत असावीत आणि देशाचे आद्य रहिवासी तेवीस पुस्तकांत, हे वाचून मन विषण्ण होते. रुडिन सिम्स बिशप या विदुषीने १९९० मध्ये पुस्तकाला आरशाची, खिडकीची आणि सरकत्या काचेच्या दाराची उपमा दिली, ती आज तेथील प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी आहे. मला त्या उपमेत एवढेच जोडावेसे वाटते की मूलनिवासी मुलापुढे आरसा नुसता गैरहजर नव्हता. पुष्कळदा जो ठेवला गेला तो वाकडे प्रतिबिंब दाखवणारा होता.

अशा वाकड्या आरशांत सर्वांत लोकप्रिय म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे १९३५ चे 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'. पुस्तकाचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. बापाने ओंडक्यावर ओंडका चढवून घर उभारावे, रात्री सारंगीसारखे फिडल वाजवावे आणि बाहेर लांडग्यांचा घेर पडावा, ही वर्णने वाचताना मोठ्यांनाही लहान झाल्यासारखे वाटते. परंतु ज्या जमिनीवर ते घर उभे राहिले ती कॅन्ससमधील जमीन त्या वेळी तहान्वये ओसेज राष्ट्राची होती आणि इंगल्स कुटुंबाचा कब्जा बेकायदेशीर होता, हे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला कळत नाही. त्याला कळते ते एवढेच की जमिनीचे मालक अर्धनग्न, दुर्गंधी पसरवणारे आणि भयप्रद होते व अखेरीस रांगेने निघून गेले. पहिल्या आवृत्तीत तर त्या मुलुखात 'लोक' नाहीत, केवळ इंडियन राहतात, अशा आशयाचे वाक्य होते. सतरा वर्षे ते कोणाला खटकल्याची नोंद नाही. १९५२ मध्ये एका वाचकाने पत्र लिहून प्रकाशकांच्या नजरेस ते आणले, लेखिकेने चूक तत्काळ मान्य केली, आणि १९५३ च्या आवृत्तीत 'लोक' च्या जागी 'वसाहतवाले' हा शब्द बसला. शब्द बदलला, दृष्टी तीच राहिली. १९९८ मध्ये मिनेसोटातील एका शाळेत हे पुस्तक वर्गात मोठ्याने वाचले जात असताना तिसरीतील एक डकोटा मुलगी रडत घरी गेली आणि तिच्या आईने शाळेकडे तक्रार नेली. वाद मोठा झाला. पुढे २०१८ मध्ये ग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डर यांच्या नावाने १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाचे नाव बदलले, तेव्हा पुस्तकावर बंदी आली अशी आवई उठली, ती खरी नव्हती. माझा अभिप्राय विचाराल तर हे पुस्तक कपाटातून काढू नये, पण सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात ते एकटे वाचू नये. त्याच्या शेजारी लुईज अर्ड्रिक यांचे १९९९ चे 'द बर्चबार्क हाउस' ठेवावे. सुपीरिअर सरोवरातील एका बेटावर, १८४७ च्या सुमारास, ओमाकायास ही सात वर्षांची ओजिब्वे मुलगी भूर्जाच्या सालीच्या घरात राहते. तिला आगाऊ भाऊ आहे, पाळलेला कावळा आहे, चामडे कमावण्याच्या कामाचा कंटाळा आहे, आणि त्या हिवाळ्यात देवी या रोगाने तिच्या घरावर घाला येतो. ती दोन घरे एकापाठोपाठ वाचलेल्या मुलाला 'लोक' कोण, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

द्वेषापेक्षा भाबड्या प्रेमाने लिहिलेली पुस्तके मला अधिक चिंताजनक वाटतात, कारण त्यांबद्दल कोणाला शंका येत नाही. 'ब्रदर ईगल, सिस्टर स्काय' हे १९९१ चे देखणे पुस्तक सिॲटल या सरदाराचे पृथ्वीविषयीचे भाषण म्हणून हजारो वर्गांत वाचले गेले. वास्तविक १८५४ च्या सुमारास झालेल्या त्या भाषणाचा पहिला मसुदा हेन्री स्मिथ या डॉक्टराने १८८७ मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी, वर्तमानपत्रात दिला, आणि सर्वांच्या परिचयाची आजची आवृत्ती टेड पेरी या लेखकाने १९७० च्या दशकाच्या आरंभी एका चित्रपटासाठी लिहिलेल्या संहितेतून उतरलेली आहे. चित्रांची गतही तीच : सिॲटलचे लोक समुद्रकाठचे, देवदाराच्या फळ्यांच्या घरांत राहणारे आणि होड्या वल्हवणारे; पुस्तकात मात्र घोडेस्वार आणि मैदानांवरचा पेहराव. त्याहून विदारक गोष्ट 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री'ची. १९७६ चे हे पुस्तक एका अनाथ चेरोकी मुलाचे आत्मकथन म्हणून गाजले आणि १९९१ मध्ये पुस्तकविक्रेत्यांचे बक्षीसही त्याला मिळाले. त्याच वर्षी सर्वतोमुखी झाले की लेखक फॉरेस्ट कार्टर हा प्रत्यक्षात एसा कार्टर, म्हणजे कू क्लक्स क्लानचा माजी पुढारी आणि अलाबामाच्या गव्हर्नर वॉलेस यांची वर्णद्वेषी भाषणे लिहून देणारा गृहस्थ होता. आणि १९९९ मध्ये एका सुप्रसिद्ध बालग्रंथमालेत कार्लाइलच्या शाळेची रोजनिशी म्हणून ॲन रिनाल्डी यांची जी कादंबरी आली, तिच्यातील पात्रांची काही नावे शाळेच्या दफनभूमीतील थडग्यांवरून घेतली आहेत, असे लेखिकेने स्वतःच नमूद केले आहे. कार्लाइलच्या दफनभूमीत दोनशेच्या आसपास थडगी आहेत आणि त्यांतील बहुतेक मुलांची. आईबापांना न कळवता दूर नेऊन पुरलेल्या मुलांची नावे वारसांची परवानगी न घेता गोष्टीत वापरावी, आणि गोष्टीतील मुलीने शाळेत रमावे, यावर नऊ जणींनी एकत्र येऊन जी सविस्तर टीका लिहिली ती मूळ कादंबरीइतकीच वाचण्याजोगी आहे. त्या टीकाकारांत नांबे प्वेब्लोच्या डेबी रीस होत्या. पूर्वी प्राथमिक शिक्षिका असलेल्या या बाई २००६ पासून अशा पुस्तकांचे सातत्याने परीक्षण करीत आल्या आहेत, आणि शिक्षकांना त्यांचा पहिला सल्ला व्याकरणाचा असतो : या लोकांविषयी बोलताना वर्तमानकाळ वापरा.

आता ज्या पुस्तकांत तो वर्तमानकाळ नांदतो त्यांच्याकडे वळतो. सिन्थिया लायटिच स्मिथ या मस्कोगी लेखिकेचे २००० सालचे 'जिंगल डान्सर' माझ्या विशेष आवडीचे. जेना या मुलीला आजीसारखे घुंगरांचा झगा घालून नाचायचे आहे, पण झग्याला शिवायला घुंगरे नाहीत. ही घुंगरे पत्र्याचे तुकडे शंकूसारखे वळवून करतात. पूर्वी त्यासाठी तंबाखूच्या डब्यांची झाकणे वापरीत. जेना नात्यागोत्यातील आणि ओळखीतील चार बायकांकडे जाते, प्रत्येकीकडे घुंगरांची एकच ओळ मागते, कारण जास्त घेतली तर देणारीच्या झग्याचा आवाज हरवेल. आणि ज्या त्या दिवशी नाचू शकणार नाहीत त्यांच्या वतीनेही ती नाचते. तिच्या चुलत बहिणींपैकी एक वकील आहे, घरात दूरचित्रवाणी आहे, रस्ता साध्या उपनगराचा आहे. चित्रात कोणी तंबूत राहत नाही. आपल्याकडे लग्नकार्यात चार घरांतून दागिने मागून आणून मुलीला नटवतात, तो प्रकार ज्याने पाहिला आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. ट्रेसी सोरेल यांचे चेरोकी वर्षचक्राचे २०१८ मधले पुस्तक आणि केविन नोबल मायार्ड या सेमिनोल लेखकाचे २०१९ चे 'फ्राय ब्रेड' ही याच कुळीतली. मायार्ड यांच्या पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यांवर राष्ट्रांची नावे दाटीने छापली आहेत आणि त्या राष्ट्रांतील मुले आपले नाव बोटाने शोधतात. २०२१ मध्ये 'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स'च्या चित्रांसाठी ट्लिंगिट राष्ट्राच्या मिकाएला गोड यांना कॅल्डेकॉट पदक मिळाले. हे पदक १९३८ पासून दिले जाते. मूलनिवासी चित्रकाराला ते मिळण्याची ती पहिली वेळ.

पण चांगले पुस्तक वाईट धड्यात सापडले की त्याचाही कागदी मुकुट होतो. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे आचार्य जेम्स बँक्स यांनी या शिक्षणाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि बहुतेक शाळा पहिल्याच पायरीवर, म्हणजे थोर पुरुष आणि सणवार यांवर, थांबतात. लुईज डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये याला पर्यटकाचा अभ्यासक्रम म्हटले : नोव्हेंबरात एक मुक्काम करायचा, खाऊ खायचा, छायाचित्र काढायचे, पुढे चालायचे. राज्याराज्यांच्या इतिहासविषयक अभ्यासक्रमांची २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीत मूलनिवासींचे ८७ टक्के उल्लेख १९०० पूर्वीच्या काळातले निघाले. माझ्या नातीच्या पुस्तकातील भूतकाळाचे मूळ असे थेट सरकारी अभ्यासक्रमात आहे. लोककथांचा उपयोगही जपून करायला हवा. पुष्कळ राष्ट्रांत काही कथा हिवाळ्यातच सांगायच्या असतात, काही बाहेरच्यांना सांगायच्याच नसतात. १९७५ चे कॅल्डेकॉट पदक मिळवणाऱ्या 'ॲरो टू द सन'मध्ये प्वेब्लो लोकांची किवा ही पवित्र वास्तू भयंकर कसोट्यांची जागा म्हणून रंगवली आहे. वस्तुतः ती विधींची आणि शिकण्याची जागा आहे.

काही राज्यांनी मार्ग बदलला आहे. माँटाना राज्याने १९७२ च्या आपल्या संविधानातच मूलनिवासींच्या वारशाचे जतन हे शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवले, १९९९ मध्ये सर्व मुलांना तो वारसा शिकवण्याचा कायदा केला आणि २००५ मध्ये त्यासाठी प्रत्यक्ष पैसे मंजूर केले. मधली वर्षे कागदावरच गेली, कारण तरतुदीवाचून हुकूम वर्गापर्यंत पोहोचत नाही. वॉशिंग्टन राज्यात २००५ मध्ये जी केवळ शिफारस होती ती २०१५ मध्ये सक्तीची झाली, आणि शाळांनी जवळच्या राष्ट्राशी बोलून धडे ठरवावेत असे कायद्यात आले. हे जवळच्या राष्ट्राशी बोलणे मला सर्वांत मोलाचे वाटते. उलट दिशेची उदाहरणेही आहेत : ॲरिझोनातील टूसॉन येथे २०१२ च्या जानेवारीत मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग बंद करताना जी पुस्तके वर्गांतून उचलून नेली, त्यांत 'रीथिंकिंग कोलंबस' हे शिक्षकांसाठीचे पुस्तकही होते.

अमेरिकेत वसलेल्या मराठी कुटुंबांना मला येथे दोन शब्द सांगायचे आहेत. तुमच्या मुलांना वर्गात कधी ना कधी विचारले जाते की तू कुठला इंडियन, कुंकवाचा की पिसांचा? मुले घरी येऊन हे सांगतात तेव्हा आपण बहुधा आपण 'ते' नव्हे एवढेच समजावतो आणि विषय मिटवतो. तेथे न थांबता, 'ते' कोण हेही त्यांना सांगावे. ज्या जमिनीवर आपले घर आहे ती कोणाची होती आणि ते लोक आज कोठे आहेत, हे शोधून द्यावे. आणि नोव्हेंबरात शाळेत पिसे-डिंक निघाले तर बाईंना भेटून, त्यांना दोष न देता, एक बरे पुस्तक हाती द्यावे.

मी तेच केले. २०२२ मध्ये 'कीपुनुमक' हे पुस्तक निघाले, ते मी नातीला धाडले. त्याच्या तीन लेखकांपैकी डॅनिएल ग्रीनडीअर या मॅशपी वाम्पानोआग आहेत, आणि त्यात १६२१ ची हकीकत आजच्या काळातील एक आजी आपल्या दोन नातवंडांना सांगते : मक्याने आपल्या घेवडा आणि भोपळा या बहिणींसह नव्याने आलेल्यांना जगवायचे कसे ठरवले, ती. पुस्तकात वाम्पानोआग भाषेतले शब्द आहेत. ही भाषा शंभरावर वर्षे कोणी बोलत नव्हते; १६६३ मध्ये छापलेल्या त्याच भाषेतील बायबलाच्या आणि जुन्या दस्तऐवजांच्या आधारे जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९० च्या दशकात ती पुन्हा उभी केली, आणि त्यांची मुलगी ती बोलतच मोठी झाली.

माझ्या भाचीच्या घरापासून मॅशपी गाव मोटारीने दीड-दोन तासांवर आहे. वाम्पानोआग लोक तेथे राहतात, आणि दर वर्षी जुलैच्या आरंभी तेथे त्यांचा मेळा भरतो. तो सर्वांना खुला असतो.